आपल्या पेठेतील खजिनाशोध

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सोलापूर शहरात दरवर्षी जानेवारी महिन्यात, भोगीच्या दिवशी, उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी नगराच्या परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. त्या सर्व लिंगांना तैलाभिषेक करीत ही मिरवणूक शहराला प्रदक्षिणा घालते. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो, त्यानंतर होम, त्यानंतर शोभेचे दारूकाम. उंच नंदीध्वज एका वेळी एकच माणूस कमरेशी तोलून धरतो. पण त्याच्या चहूबाजूंनी त्याचे सहकारी सावधपणे चालत असतात. काठी किंचित झुकली की कोण पुढे सरायचे, कोणी दोरी सांभाळायची, दमलेल्याच्या जागी कोणी यायचे, हे आधीच ठरलेले असते. त्यासाठी यात्रेपूर्वी कित्येक दिवस सराव चाललेला असतो. काठ्यांचे मानही निरनिराळ्या समाजांकडे वाटलेले आहेत.

यात्रा हा श्रद्धेचा विषय आहे, खेळाचा नव्हे. तथापि ठरलेली ठिकाणे, विचारपूर्वक आखलेला मार्ग आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेले निश्चित काम या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे माणसे एकमेकांना किती घट्ट बांधली जातात, हे सोलापूरकरांना कोणी परदेशी पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. ज्या कार्यालयांना, शाळांना व पंचायतींना आपल्या माणसांत संघभावना वाढावी असे वाटते, त्यांनी आपल्या परिसरात खजिनाशोधासारखा उपक्रम योजताना या अनुभवाकडे अवश्य पाहावे.

खजिनाशोध हा खेळ आपल्याकडे प्रामुख्याने स्काउट-गाईड चळवळीमुळे परिचित झाला. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर भरविलेल्या पहिल्या शिबिरापासून मागोवा घेणे, खुणा ओळखणे, पाहिलेल्या वस्तू स्मरणात ठेवणे अशा खेळांना या चळवळीत मानाचे स्थान आहे. स्वीडनमध्ये नकाशा व होकायंत्र घेऊन रानातून मार्ग काढण्याच्या स्पर्धा रूढ झाल्या. १९१९ मध्ये अर्न्स्ट किलँडर यांनी स्टॉकहोमच्या परिसरात भरविलेल्या स्पर्धेनंतर त्यांचा मोठा प्रसार झाला. याच सुमारास पाश्चात्त्य शहरांतील श्रीमंत मंडळींत आणखी एक प्रकार लोकप्रिय झाला. हाती एक यादी द्यायची आणि त्यातील चमत्कारिक वस्तू रात्रभरात कोठूनही गोळा करून आणायच्या! हा शेवटचा प्रकार आपल्या पेठांना मुळीच मानवणारा नाही. सोलापूरचा भुईकोट किल्ला हे पुरातत्त्व विभागाने संरक्षित केलेले स्मारक आहे. तेथील दगडाचा कपचासुद्धा हलविता येत नाही. मंदिराच्या आवारातील फूल, कोणाच्या अंगणातील कुंडी, मागावरचे सूत यांपैकी काहीही उचलून आणणे हा खेळ होऊ शकत नाही. तेव्हा आपल्या खजिनाशोधात वस्तू आणावयाची नाही. ती पाहावयाची, तिच्याविषयी विचारावयाचे आणि मिळालेले उत्तर लिहून आणावयाचे, एवढा पहिला नियम पक्का करावा. भिंतीवर चिठ्ठ्या चिकटविणे, खडूने किंवा रंगाने बाण काढणे हेही वर्ज्य समजावे.

यादी कशी करावी, हा या उपक्रमाचा गाभा होय. बहुतेक ठिकाणी येथेच घोटाळा होतो. आयोजक एखादी पुस्तिका उघडतात आणि तीतून वीस प्रश्न उतरवितात. चार हुतात्म्यांना फाशी कोणत्या दिवशी झाली? १२ जानेवारी १९३१. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म कोणत्या वर्षी झाला? १९१०. नगरपालिकेची महानगरपालिका केव्हा झाली? १९६४. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण हल्ली प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे आणि अशा प्रश्नाचे उत्तर जागचे न हलता मिळते. गटातील एक चपळ मुलगा बोटे फिरवितो, उरलेले पाच जण चहाच्या गाड्यावर उभे राहतात, आणि दोन तासांनी सर्वांना बक्षिसे वाटली जातात. यातून संघभावना निर्माण होत नाही, शहराची ओळखही होत नाही.

उत्तर भिंतीवरच्या फलकावर नव्हे, पुस्तकात नव्हे, तर पेठेतील एखाद्या माणसापाशी असेल, असा प्रश्न काढावा. एका माणसाला तो एकट्याने सुटू नये. उदाहरणे सोलापुरातीलच घेऊ. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडून अनेक दशके लोटली, पण तिच्या भोंग्यावर घराघरांतील चूल पेटत असे. तो भोंगा कोणत्या पाळीला कसा वाजे, हे स्वतःच्या कानांनी ऐकलेली व्यक्ती शोधून काढा आणि तिच्या घरी त्या भोंग्यानंतर पहिले काम कोणते होई ते विचारा. पूर्व भागात जकार्ड मागावर चादर विणणाऱ्या कारागिराला भेटा; भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर कशी चढते आणि नक्षीत एक कार्ड मागेपुढे झाले तर चादरीवर काय दिसते, हे समजून घ्या. एकाच दुकानाच्या पाटीवर तीन लिप्या कोठे आढळतात? कडक भाकरी कडक राहावी म्हणून ती करणारी बाई शेवटी काय करते? आपल्या गल्लीत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हची चावी कोणाजवळ असते आणि पाणी येण्याची वेळ त्याला कोण कळविते? मंगळवार, बुधवार, शुक्रवार अशी वारांची नावे पेठांना आहेत. त्यांपैकी कोणत्या पेठेत त्या वारी बाजार भरलेला आठवणारी माणसे आहेत? शहराची तटबंदी गेली, तरी बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावे राहिली. वेस नेमकी कोठे उभी होती, हे बोट दाखवून सांगणारा कोणी मिळतो का?

शेवटच्या प्रश्नाला कदाचित तीन म्हाताऱ्यांकडून तीन उत्तरे मिळतील. मिळू द्यावीत. तिन्ही लिहून आणणाऱ्या गटाला अधिक गुण द्यावेत, कारण दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याची सवय याच ठिकाणी लागते.

सोलापुरात या उपक्रमाला एक नैसर्गिक अनुकूलता आहे, ती भाषांची. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा येथे रोजच्या व्यवहारात आहेत. विणकामाच्या निमित्ताने तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. सिद्धेश्वरांच्या परिसरात कन्नड कानी पडते. उर्दू शाळा आहेत, उर्दू मुशायरे होतात. परंतु नव्या पेठेत वाढलेल्या माणसाला साखर पेठेतील किंवा कन्ना चौकातील गल्ल्या ठाऊक असतातच असे नाही, आणि उलटपक्षीही तेच. म्हणून गट पाडताना ओळखीच्या मंडळींना एकत्र राहू देऊ नये. सहा जणांचा गट पुरेसा होतो. त्यात निदान दोन भाषा जाणणारी माणसे असावीत, निदान दोन स्त्रिया असाव्यात, आणि एक तरी व्यक्ती साठीच्या पुढची असावी. यादीतील काही सूचना तेलुगू किंवा कन्नड लिपीत, काही उर्दूत लिहाव्यात. म्हणजे एरवी मागच्या बाकावर बसणारी एखादी विद्यार्थिनी अचानक साऱ्या गटाची वाट दाखविणारी होते. जो गट पश्चिमेकडचा, त्याला पूर्वेकडे पाठवावे. आपल्याच गल्लीत फिरून आपल्याच माणसांना प्रश्न विचारण्यात शोध कसला?

चार हुतात्मा पुतळ्यांचा चौक हा अशा मार्गावरील एक थांबा असावाच. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ही चार नावे शेजारी शेजारी वाचली तरी हे शहर कोणाकोणाचे आहे, ते कळते. येथे प्रश्न तारखेचा विचारू नये. या चौघांपैकी प्रत्येकाच्या नावाची आठवण शहरात आणखी कोठे जपली आहे, एखादा रस्ता, सभागृह, मंडळ, शाळा, ते शोधावयास सांगावे. गटाला चौकातील दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत चारपाच जणांना विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी हा उपक्रम योजताना एक अडचण हमखास येते, ती पदाची. ज्या गटात साहेब, त्या गटात साहेबच उत्तर देतात आणि बाकीचे मान हलवितात. वस्तुतः कोणत्याही कार्यालयात गल्लीबोळांची खरी माहिती टपाल पोचविणाऱ्या शिपायाला, मीटर वाचणाऱ्याला, सफाई कर्मचाऱ्याला आणि घरोघर जाणाऱ्या आशा सेविकेला असते. तेव्हा गटप्रमुख चिठ्ठी टाकून निवडावा आणि अधिकाऱ्याच्या वाट्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी किंवा घड्याळ सांभाळण्याचे काम यावे. दर अर्ध्या तासाने कामे बदलावीत: एकाने लिहावयाचे, एकाने दार ठोठावून बोलावयाचे, एकाने मार्ग पाहावयाचा. बोलण्याची पाळी सर्वांवर आली पाहिजे. अबोल माणसावर तर आलीच पाहिजे. पहिल्या दाराशी तो अडखळतो, तिसऱ्या दाराशी त्याला लोक बसा म्हणतात.

वेळेबाबत सोलापूरचे हवामान विसरून चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. त्या दिवसांत हा उपक्रम घेणे म्हणजे लोकांना आजारी पाडणे होय. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र यात्रेचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा रस्ते आणि पोलिस दोघांनाही दुसरे काम असते. सकाळी सातला आरंभ करून साडेनऊपर्यंत आटोपावे. मार्ग दीड-दोन किलोमीटरच्या आत बसवावा. बाळीवेस, मधला मारुती, माणिक चौक, दत्त चौक अशा जुन्या भागात तो सहज बसतो. आयोजकांनी हा मार्ग आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी दोनदा चालून पाहावा. रविवारी मोकळा दिसणारा चौक सोमवारी ओलांडता येत नाही. सर्व गट एकाच ठिकाणाहून एकाच क्रमाने सोडल्यास एका कारागिराच्या दारात साठ माणसे उभी राहतात आणि तो माग बंद करून निघून जातो. यासाठी थांबे तेच ठेवून प्रत्येक गटाचा क्रम निराळा द्यावा. ज्यांच्याकडे जावयाचे त्यांची अनुमती आधी घ्यावी. पोलिस ठाण्यास व विभागीय कार्यालयास लेखी कळवावे. कोणाच्याही घरात न बोलावता प्रवेश करू नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये.

खर्चाविषयी थोडे. या उपक्रमाला कागद, पेन्सिली, पाणी आणि शेवटी सर्वांना न्याहारी एवढाच खर्च पुरतो. छापील सदरे, कमानी, फ्लेक्स यांची आवश्यकता नाही. आणि उद्‌घाटन! सातचा उपक्रम प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत नऊला सुरू झाला, तर उन्हात फिरण्याची पाळी पाहुण्यांवर येत नाही. पाहुण्यांनी यावे, पण गटात सामील व्हावे.

निकाल लावताना सर्वांत आधी पोचलेल्या गटाला पहिला क्रमांक देण्याची प्रथा मोडावी. वेग हा निकष ठेवला की वृद्ध सदस्य मागे राहतो, आणि त्याला मागे टाकणारा गट जिंकतो; हे तर आपल्या हेतूच्या अगदी विरुद्ध झाले. गट सहाच्या सहा जणांसह परतला पाहिजे, ही अट ठेवावी आणि गुण उत्तरांच्या तपशिलाला द्यावेत. किती माणसांशी बोलणे झाले, त्यांतील किती जण पूर्वी अपरिचित होते, याचीही नोंद मागावी.

ग्रामपंचायतींना हा प्रकार अपरिचित नाही, केवळ त्याचे नाव वेगळे आहे. गावाचा विकास आराखडा तयार करताना शिवार फेरी काढली जाते. पाणलोटाच्या कामांपूर्वीही गावकरी माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवार चालून पाहतात. पण पुष्कळ गावांत ही फेरी सरपंच, ग्रामसेवक आणि दोनचार कार्यकर्ते यांच्यापुरती उरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिला खजिनाशोधाचे रूप दिले, तर शाळेतील मुले, बचत गटातील स्त्रिया आणि वस्तीवरील माणसे आपोआप तीत येतात. मे महिन्यात पाणी असलेली विहीर कोणती? हद्दीचा जुना दगड कोठे आहे? अंगणवाडीतील वजनकाटा कोण वापरते? गावात सर्वांत उंच, पाणी न चढणारी जागा कोणती आणि तेथे जाण्याची वाट कोणाच्या बांधावरून जाते?

हा शेवटचा प्रश्न केवळ खेळातला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीमुळे सीना नदीला आलेल्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतील अनेक गावांना पाण्याने वेढले. जो जिल्हा आपण दुष्काळाच्या संदर्भात ओळखतो, तेथे होड्या आणाव्या लागल्या. अशा रात्री बाहेरून येणाऱ्या बचाव पथकाजवळ होडी असते, दिवे असतात. पण कोणत्या वस्तीला कोणती वाट जाते, ओढ्याचे पाणी आधी कोठे शिरते आणि कोणाच्या हाकेला कोण ओ देईल, हे त्याला ठाऊक नसते. ते गावातल्यांनाच ठाऊक असावे लागते, आणि एका माणसाला ठाऊक असून भागत नाही. तो माणूस त्या दिवशी पुण्याला गेलेला असू शकतो. शाळेतील चाळीस मुलांनी ती उंच जागा आणि ती वाट एकदा पायांनी चालून पाहिलेली असेल, तर चाळीस घरांत ती माहिती पोचलेली असते.

येथे एक मर्यादा पाळावी. कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, कोठे एकटी वृद्धा राहते, ही माहिती आपत्तीच्या वेळी अत्यंत मोलाची असली, तरी ती खेळाच्या यादीत घालू नये. कोणाचे दुखणे शोधून काढल्याबद्दल गुण देणे शोभणारे नाही. ही यादी पंचायतीने आरोग्य सेवकांच्या साहाय्याने स्वतंत्रपणे, त्या कुटुंबांच्या संमतीने करावी.

शाळांना तर या उपक्रमासाठी निराळी सबब शोधण्याची गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याची कल्पना मांडलेली आहे. सोलापुरात सुतार, लोहार, कुंभार यांच्या जोडीला विणकर, रंगारी, विडी वळणाऱ्या स्त्रिया असे कारागीर शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतात. शिक्षकांनी प्रश्नांची यादी स्वतः न करता ती आठवीच्या वर्गाकडून सातवीसाठी करवून घ्यावी. प्रश्न काढण्यासाठी आठवीला पेठ दोनदा फिरावी लागते, आणि उत्तरे कोठे दडली आहेत हे माहीत असूनही गप्प बसावे लागते!

फेरीनंतरची बैठक टाळू नये. न्याहारीच्या वेळी जमिनीवर पेठेचा मोठा नकाशा पसरावा, हाताने काढलेला चालेल, आणि प्रत्येक गटाने आपापली उत्तरे त्यावर आणून ठेवावीत. जेथे उत्तरे जुळत नाहीत तेथे लाल खूण करावी. ज्यांनी दाराशी उभे राहून माहिती दिली, त्या आजोबांना, विणकराला, व्हॉल्व्हच्या चावीवाल्याला याच वेळी बोलवावे आणि नकाशातील चुका त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्याव्यात. दुरुस्त केलेला नकाशा शाळेत, पंचायत कार्यालयात किंवा पेठेतील वाचनालयात टांगावा. लाल खुणा पुसू नयेत. पुढील वर्षाची यादी करण्याचे काम या वर्षी सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाकडे सोपवावे, आणि त्यांना आरंभ त्या लाल खुणांपासून करावयास सांगावे.